भाड्याचे घर आणि घरमालकाचे भय

नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या सुमारास पुण्यात जी धावपळ चालते तिचा अर्धा भाग प्रवेशासाठी असतो आणि अर्धा खोलीसाठी. लातूर, बीड, नांदेड, धुळे, सोलापूर येथून आलेली मुले सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठांतील अंधारे जिने चढतात व उतरतात. एका खोलीत टाकलेल्या चार-सहा खाटांपैकी एक खाट ‘कॉट बेसिस’वर मिळाली तरी पदरी पडले आणि पवित्र झाले असे मानतात. बदली होऊन आलेला बँकेतील कारकून, नव्याने नेमणूक झालेली शिक्षिका, हिंजवडी किंवा खराडीच्या कंपनीत रुजू झालेला अभियंता, या सर्वांची गत थोड्याफार फरकाने तीच. पैसे हाती असूनही मनासारखे घर मिळत नाही; मिळाले तर अकरा महिन्यांपुरते मिळते; आणि ते अकरा महिने सरत आले की पुन्हा दलालाचे दार आहेच. ही एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी की, याच शहरातील एखाद्या मोठ्या गृहसंकुलाकडे संध्याकाळी नजर टाकली तर दिवे न लागलेल्या खिडक्या सहज मोजता येतात. त्या सदनिकांना मालक आहेत, दारांवर पाट्याही आहेत. फक्त आत राहणारे कोणी नाही.

हे चित्र एकट्या पुण्याचे नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १ कोटी १० लाखांच्या वर घरे रिकामी आढळली. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने या आकड्यांकडे लक्ष वेधले, तेव्हा रिकाम्या घरांच्या बाबतीत महाराष्ट्राचा क्रमांक देशात पहिला असल्याचे दिसून आले: सुमारे २० लाख घरे या राज्यात आणि त्यांतील सुमारे ४ लाख ८० हजार एकट्या मुंबईत. त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे व तो अधिक बोलका आहे. १९६१ मध्ये देशाच्या शहरांत भाड्याच्या घरांचे प्रमाण ५४ टक्के होते. २०११ मध्ये ते २८ टक्क्यांवर आले. लोकांनी स्वतःची घरे घेतली म्हणून हे प्रमाण घटले, असे समर्थन कोणी करील. त्यात तथ्यांश आहे. परंतु ज्या शहराचे जीवन दरवर्षी बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांवर आणि नोकरदारांवर चालते, त्या शहरात भाड्याचे घर हे केवळ निर्धनाचे आश्रयस्थान नसते. तिथे शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्याचे पहिले घर तेच असते. त्याने आल्या दिवशी वीस वर्षांचे कर्ज काढून सदनिका विकत घ्यावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही.

रिकाम्या घरांची कारणे अनेक आहेत. काही घरे किंमत वाढेल म्हणून घेऊन ठेवलेली असतात, काही परदेशी गेलेल्या मुलांच्या नावावर असतात, काही अशा ठिकाणी बांधलेली असतात की तिथे नळाला पाणी नाही आणि रस्त्याला बस नाही. हे सारे वजा केले तरी एक कारण उरते आणि मध्यमवर्गीय घरमालकाशी दोन घटका बोलले की ते आपसूक बाहेर पडते. त्याला भाडेकरूची भीती वाटते. एकदा आत घेतलेला माणूस बाहेर जाणार नाही, आयुष्यभराची पुंजी घातलेले घर डोळ्यांदेखत गिळंकृत होईल, ही ती भीती. एके काळी तिला आधार होता. तो आधार आज फार थोडा उरलेला असताना पुण्या-मुंबईचा घरमालक मात्र अजून त्या जुन्या भीतीप्रमाणेच वागतो. त्यात तो भाडेकरूचे नुकसान करतो हे उघडच आहे. पण स्वतःचेही नुकसान करून घेतो, आणि ते त्याच्या ध्यानी येत नाही.

ही भीती कुठून आली हे पाहिल्याशिवाय तिचा निरास व्हायचा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांत घरांची टंचाई झाली आणि भाडी भडकली. त्यावर उपाय म्हणून आलेले निर्बंध १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात स्थिर झाले. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाणभाडे, हा त्या कायद्याचा कणा. काही काळापुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत अर्धशतक चालला. फाळणीनंतरच्या आणि गिरणी-कारखान्यांच्या भरभराटीच्या काळात त्याने लाखो गरीब कुटुंबांना रस्त्यावर येण्यापासून वाचवले, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु चुन्या-विटांचे, मजुरीचे, धान्याचे भाव कितीतरी पटींनी वाढले असताना वाड्यातल्या दोन खोल्यांचे भाडे दोन आकडी राहिले. मालकाने कौले परतवायची कशातून आणि का? पुण्याचे वाडे आणि मुंबईच्या चाळी ज्या अवस्थेला पोचल्या त्याला काळ जितका कारण झाला तितकाच हा कायदाही झाला. उघडपणे भाडे वाढवता येईना तेव्हा पागडीचा व्यवहार फोफावला. अखेर १९९७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात, प्रमाणभाडे गोठवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत, असे स्पष्ट शब्दांत सांगितले.

तथापि घरमालकाच्या मनावरचा खोल ओरखडा १९४७ चा नाही, तो १९७३ चा आहे. भाडेकरूला कायद्याचे संरक्षण मिळते म्हणून मालकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’चा मार्ग शोधला होता. म्हणजे घर भाड्याने द्यायचे नाही, केवळ काही काळ वापरायची परवानगी द्यायची. परवानगी संपली की माणसाने निघून जावे. १९७३ साली विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा चालू करारान्वये जो कोणी घरात राहत होता तो एका फटक्यात संरक्षित भाडेकरू ठरला. अनेकांनी कराराच्या आडून भाडेकरूंची लूट चालवली होती, म्हणून ही दुरुस्ती आली, हेही खरे. पण ज्याने विश्वासाने दोन वर्षांसाठी घर दिले होते त्याचे घर कायमचे अडकले. त्या पिढीने पुढच्या पिढीला जी व्यवहारनीती शिकवली तिचा मथितार्थ एवढाच होता की, घर रिकामे राहिले तरी चालेल, पण भाड्याने देऊ नये. आज पंचावन्न-साठीच्या घरात असलेल्या घरमालकाने हे बोल लहानपणी ऐकलेले आहेत. त्याला भित्रा म्हणून हसणे सोपे आहे. त्याच्या वडिलांचे घर मात्र खरोखरच गेलेले असते.

यानंतर कायदा बदलला, आणि तो साधासुधा बदलला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण त्याने बव्हंशी कायम ठेवले, भाड्यात दरसाल ४ टक्के वाढ करण्याची मुभा दिली आणि पागडीच्या व्यवहारालाही कायद्याच्या चौकटीत आणले. नव्याने घर देणाऱ्याच्या दृष्टीने खरी महत्त्वाची ती त्यातील दोन कलमे. २४ वे कलम सांगते की, राहण्यासाठी ‘लीव्ह अँड लायसन्स’ने दिलेले घर मुदत संपल्यावर रिकामे करून दिले नाही, तर मालकाने दिवाणी न्यायालयाची पायरी न चढता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा, लेखी करार हाच त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जाईल, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागेल. प्रतिवाद करायचा तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याची परवानगी मागावी लागते. प्राधिकाऱ्याच्या आदेशावर अपील नाही. शासनाकडे पुनरीक्षणाचा मार्ग तेवढा आहे. घरमालकाला याहून अधिक काय हवे होते?

दुसरे कलम ५५ वे. करार लेखी असला पाहिजे आणि नोंदलेला असला पाहिजे, असे ते बजावते. नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण शिक्षेपेक्षाही पुढचा भाग महत्त्वाचा आहे. नोंदलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिले याविषयी भाडेकरू जे सांगेल ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. म्हणजे शंभर-पाचशे रुपयांच्या मुद्रांक कागदावर दोन सह्या घेऊन तो कपाटात ठेवणारा मालक आपली सुरक्षितता स्वतःच्या हाताने भाडेकरूच्या स्वाधीन करतो. आश्चर्य असे की, भाडेकरूला भिणारे जे लोक आहेत तेच पुष्कळदा नोंदणी टाळतात. कारण विचारावे तर ‘उगाच सरकारदरबारी नोंद कशाला’ हे उत्तर मिळते. चोराच्या भयाने कुलूप आणावे आणि किल्ली त्यालाच लटकवून ठेवावी, तसला हा प्रकार आहे.

अकरा महिन्यांच्या कराराचे गौडबंगालही या निमित्ताने पाहण्यासारखे आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. त्याहून कमी असेल तर सक्ती नाही. नोंदणीचा खर्च आणि खटाटोप वाचवण्यासाठी म्हणून बारा महिन्यांतला एक काढून टाकण्याची ही युक्ती देशभर रूढ झाली. महाराष्ट्रात मुदत कितीही असो, नोंदणी अनिवार्य आहे. तेव्हा त्या युक्तीचे प्रयोजनच संपले. तरी अकरा महिने आपल्या जागी अढळ आहेत. कुणाच्या तरी आजोबांनी मांजर टोपलीखाली झाकून पूजा केली म्हणून नातवानेही मांजर शोधत फिरावे, असे आपल्याकडे अनेक बाबतींत होते. अशीच दुसरी समजूत बारा वर्षांची. बारा वर्षे राहिलेला भाडेकरू मालक होतो, असे सुशिक्षितही छातीठोकपणे सांगतात. बारा वर्षांची मुदत आहे ती मालकाच्या हक्काला आव्हान देऊन, त्याच्या विरोधात उघडपणे केलेल्या ताब्यासाठी. जो मालकाच्या परवानगीने राहतो आणि दरमहा पैसे देतो, त्याचा ताबा विरोधी होत नाही. मग वर्षे बारा होवोत की बावीस.

आता हिशेब पाहू, कारण भीती ही शेवटी हिशेबाच्या वहीतही उतरते. पुण्या-मुंबईत सदनिकेचे वार्षिक भाडे तिच्या किमतीच्या ढोबळ मानाने दोन ते साडेतीन टक्के पडते. बँकेतल्या मुदत ठेवीवर याहून अधिक व्याज मिळते, म्हणून भाडे म्हणजे क्षुल्लक बाब, असे मालक म्हणतो आणि घर बंद ठेवतो. पण बंद घर काही फुकट राहत नाही. सोसायटीची मासिक वर्गणी चालू असते, महापालिकेचा कर चालू असतो, पावसाळ्यात भिंतीला ओल येते, न वापरलेल्या नळांचे वॉशर वाळून जातात. ८० लाखांच्या सदनिकेला २२ हजार भाडे धरले तर वर्षाला २ लाख ६४ हजार रुपये होतात. निवृत्त शिक्षकाच्या घरात ही रक्कम क्षुल्लक नसते.

ज्यांनी घर भाड्याने दिले आहे तेही भीतीपायी तोटा करून घेतातच. तोच माणूस फार दिवस राहू नये म्हणून दर अकरा महिन्यांनी भाडेकरू बदलण्याची काहींची पद्धत आहे. काही जण बाजार वाढला की चालू भाडेकरूपुढे मोठी वाढ ठेवतात आणि तो गेला तर जाऊ देतात. वरच्याच सदनिकेचा हिशेब करा. २२ हजार देणाऱ्या भाडेकरूकडे ५ टक्के वाढ मागितली तर तो २३,१०० देतो आणि वर्षाचे २ लाख ७७ हजार २०० होतात. २५ हजारांचा हट्ट धरला, तो गेला आणि नवा मिळेपर्यंत एकच महिना घर रिकामे राहिले, तर वर्षाला मिळतात २ लाख ७५ हजार. अधिक मिळवायला निघालेला मालक इथेच २,२०० रुपयांनी मागे पडला. रंगाचा खर्च, दलाली आणि रिकाम्या महिन्याची सोसायटीची वर्गणी अजून धरलेलीच नाही. आणि गेलेला भाडेकरू वेळेवर पैसे देणारा होता, नवा तसा निघेल याची हमी कोण देणार?

गेल्या काही वर्षांतील बाजाराच्या चढउतारांनी ही गोष्ट दोनदा दाखवून दिली आहे. २०२० मध्ये करोनाची साथ आली, महाविद्यालये बंद झाली, संगणक कंपन्यांनी नोकरांना घरून काम करायला सांगितले आणि काही आठवड्यांत वाकड, बाणेर, विमाननगर, कोथरूड येथील घरे ओस पडली. ज्यांनी त्या काळात भाडे थोडे कमी करून माणूस टिकवला त्यांचे घर वसते राहिले. ‘ठरले ते ठरले’ म्हणणाऱ्यांच्या दारी वर्ष-दीड वर्ष कोणी फिरकले नाही. २०२२ नंतर कार्यालये पुन्हा भरली, विद्यार्थी परतले आणि भाडी झपाट्याने वर गेली. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली आणि पुढे टप्प्याटप्प्याने स्वारगेटपर्यंत गेलेली मेट्रो ही स्थानकांजवळच्या घरमालकांच्या हाती आलेली नवी सबब. या वाढीत काहींनी गेल्या दोन वर्षांची तूट एका वर्षात भरून काढण्याचा घाट घातला. माणसाचा पगार मात्र असा उड्या मारत वाढत नाही. उत्पन्नाच्या निम्मे पैसे भाड्यात जाऊ लागले की तो दूर सरकतो, दोघांच्या जागी चौघे राहतात. किंवा मग पैसे थकतात. मालकाला ज्या भाडेकरूचे भय वाटते तो अनेकदा अशा भाड्यातूनच घडतो.

तेव्हा घर देऊ इच्छिणाऱ्याने प्रथम करावयाची गोष्ट म्हणजे कागद पक्का करणे. आज हे काम ऑनलाइन होते; आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा यांवर घरबसल्या नोंदणी होऊ शकते. साठ महिन्यांपर्यंतच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’वर मुद्रांक शुल्क आहे एकूण भाड्याच्या पाव टक्का, परत करावयाच्या अनामतीवर दरसाल १० टक्के रक्कम धरून ती या भाड्यात मिळवायची. शहरी भागात नोंदणी फी १ हजार रुपये. २२ हजार भाडे आणि ५० हजार अनामत असेल तर अकरा महिन्यांच्या कराराला शुल्क व फी मिळून सोळाशेच्या आसपास खर्च येतो. तो तीनदा केला तर पाच हजारांच्या घरात जातो. त्याऐवजी तीन वर्षांचा एकच करार केला, त्यात दरसाल ५ टक्के वाढ आणि दोन्ही बाजूंना दोन महिन्यांची पूर्वसूचना देऊन बाहेर पडण्याची मुभा ठेवली, तर साधारण ३,१०० रुपयांत भागते. दलाल दर वर्षी नवा करार सुचवणार, कारण त्याचे पोट त्यावर आहे. मालकाने त्याची री ओढण्याचे कारण नाही. पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती देण्याचे काम मात्र टाळू नये. तेही आता घरबसल्या होते आणि न केल्यास गुन्हा मालकावर दाखल होतो.

अनामतीविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण मालक आणि भाडेकरू यांच्यातील बहुतेक कडवटपणा शेवटच्या दिवशी तिच्यावरून होतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच अनामत घ्यावी, असे म्हटले आहे. हा नमुना आहे. राज्याने आपला कायदा केल्याविना तो लागू होत नाही. तरी दोन महिन्यांची मर्यादा वाजवी आहे आणि ती स्वेच्छेने पाळायला कोणाची हरकत नसावी. खरा प्रश्न परतफेडीचा असतो. दोन वर्षे माणूस राहिला की भिंतीचा रंग थोडा उतरणारच. चुलीजवळची फरशी काळवंडणारच. ही झीज भाड्यात भरून पावलेली असते. ती पुन्हा अनामतीतून वसूल करणे म्हणजे एकाच मालाचे दोनदा पैसे घेणे होय. फुटलेली काच, मोडलेले दार, थकलेले वीजबिल ही निराळी बाब. यासाठी घर देताना पंखे, नळ, दिवे, कपाटे यांची यादी करावी, भिंतींची छायाचित्रे काढावीत, वीज मीटरचा आकडा लिहावा आणि दोघांनी सह्या कराव्यात. अर्ध्या तासाचे काम आहे. ते न करणारे मालक पुढे महिनाभर भांडत बसतात. परगावी परीक्षेला किंवा नोकरीला निघालेल्या विद्यार्थ्याला तर भांडायलाही सवड नसते, हे ओळखून त्याची अनामत बुडवणारे महाभागही या विद्येच्या माहेरघरात आहेत.

घर कोणाला द्यावे, या प्रश्नावर मात्र आपल्या समाजाचे खरे रूप उघडे पडते. अविवाहित नको, एकटी स्त्री नको, अमुक धर्माचा नको, मांसाहारी नको, अशा अटी दलाल निर्विकारपणे सांगतो. आणि जिथे अट उघड सांगता येत नाही तिथे आडनाव विचारून काम भागते. कोलंबियात शिकून परतलेल्या आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यात मुक्कामाच्या जागेतून बाहेर काढण्यात आले, याचे दाखले आपण सभांतून देतो आणि घरी आल्यावर दूरध्वनीवरील होतकरू भाडेकरूला त्याचे ‘पूर्ण नाव’ विचारतो. नीतीचा मुद्दा ज्यांना पटत नाही त्यांनी निदान व्यवहार पाहावा. भाडे वेळेवर येईल की नाही हे आडनावावरून कळत नाही. पगारपत्रकावरून, नेमणूकपत्रावरून, आधीच्या घरमालकाशी केलेल्या एका दूरध्वनीवरून ते कळते. पुण्यासारख्या गावात विद्यार्थी आणि अविवाहित यांना नकार देणारा मालक निम्म्या गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवतो. गोंगाटाची भीती असेल तर वेळेचे व पाहुण्यांचे साधे नियम करारात लिहावेत आणि ते सर्वांना सारखे लावावेत.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांचा यातील उपद्रव वेगळाच. स्वतःचे घर कोणाला द्यावे हे सभासदाने ठरवायचे की चिटणीसाने, असा प्रश्न पडावा इतका हस्तक्षेप काही ठिकाणी चालतो. घर भाड्याने दिल्याबद्दल बिनभोगवटा शुल्क किती घ्यावे हे राज्य शासनाने १ ऑगस्ट २००१ रोजीच ठरवून दिले आहे: महापालिकेचे कर वगळता होणाऱ्या सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नाही. तरीही घर बदलताना मनमानी रक्कम मागणाऱ्या समित्या आहेत आणि ‘वाद नको’ म्हणून ती देणारे सभासद त्याहून अधिक आहेत.

कराच्या भीतीनेही पुष्कळ घरे बंद राहतात किंवा चोरून दिली जातात. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे. मध्यंतरी ती बंद झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा लागू करण्यात आली. घर भाड्याने दिले की ती जाते, म्हणून भाडेकरू ‘आमचे नातेवाईक’ होतो. सवलतीतून वाचणारी रक्कम भाड्याच्या तुलनेत किती थोडी असते आणि त्यासाठी नोंदणी टाळून आपण कोणता धोका पत्करतो, याचा विचार होत नाही. प्राप्तिकराचेही तसेच. मिळालेल्या भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्या रकमेतून दुरुस्ती वगैरेसाठी सरसकट ३० टक्के वजा होतात, आणि बाकीवर कर लागतो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या अनेकांना त्यावर फारसा कर पडतही नाही. पावती न देता रोख भाडे घेणारा मालक मात्र भाडे थकले तर ते थकले हेही सिद्ध करू शकत नाही.

मालकाच्या बाजूने एक तक्रार उरते आणि ती रास्त आहे. कायद्यात जे ३० दिवसांचे लिहिले आहे ते सक्षम प्राधिकाऱ्याच्या कार्यालयात तसे घडत नाही. तारखा पडतात, समन्स बजावले जात नाहीत, आदेश निघाला तरी ताबा मिळायला महिने लागतात. अशा अडलेल्या मालकाला कोणी तरी पाणी तोडण्याचा, वीज बंद करण्याचा किंवा दाराला दुसरे कुलूप लावण्याचा सल्ला देतो. तो त्याने ऐकू नये. तसे केले की अर्जदार असलेला मालक स्वतःच आरोपी होऊन बसतो. उपाय शासनाच्या हाती आहे. मुंबईसारख्या महानगरात आणि पुण्यासारख्या सतत वाढणाऱ्या शहरात अशा प्राधिकाऱ्यांची संख्या वाढवली, नोंदलेला करार ऑनलाइन उपलब्ध असल्यामुळे तो पुन्हा सिद्ध करायला लावण्याचे थांबवले, आणि आलेल्या अर्जांचा निकाल किती दिवसांत लागला हे दर तिमाहीला जाहीर केले, तर दिवे न लागलेल्या खिडक्यांपैकी काहींत दिवे लागतील. नोंदणीपोटी शासन दरवर्षी मुद्रांक शुल्क आणि फी घेते. त्या पैशातून एवढी व्यवस्था उभी करण्याची मागणी घरमालकांच्या आणि भाडेकरूंच्या संघटनांनी एकत्र येऊन करावी. या एका प्रश्नावर त्यांचे हित एकच आहे. महापालिकेनेही नोंदलेल्या करारावर आणि बेताच्या भाड्यावर घर देणाऱ्या मालकाची मिळकतकरातील सवलत, निदान अर्धी तरी, कायम ठेवण्याचा विचार पुढील अंदाजपत्रकाच्या वेळी करून पाहावा.